डावात लिंबूटिंबू आहे

शनिवारी रात्री साडेआठला माझ्या लॅपटॉपवर एक गाव जागं होतं. गाव डोंगरावर आहे, त्याला एकच दरवाजा आहे आणि दिवस मावळला की तो बंद होतो. चित्र नाही, आवाज नाही, जे आहे ते लिहिलेलं. मी लिहिते, "दरवाज्याबाहेर कुणीतरी खोकलं." मग डोंबिवली, सांगली, मडगाव आणि न्यू जर्सीतल्या एका घरातून (तिथे तेव्हा शनिवारची सकाळ असते) मुलं उत्तरं लिहू लागतात. गावाचा पहारेकरी अकरा वर्षांचा आहे. तो लिहितो, "मी भाला घट्ट धरतो. विचारतो, कोण आहे? मला भीती वाटतेय, पण हे मी कुणाला कळू देत नाही."

हाच मुलगा शाळेत 'माझा आवडता सण' या विषयावर सहा ओळींच्या पुढे जात नाही, असं त्याच्या आईने मला सांगितलं होतं. माणसाला आतून काय वाटतं आणि तो बाहेर काय दाखवतो, यातला फरक त्याला कुणी शिकवलेला नाही. पहारेकऱ्याचं सोंग घेतलं आणि तो फरक आपोआप वाक्यात उतरला. या खेळात मुलं लिहितात, आणि दुसऱ्याने लिहिलेलं शब्दन् शब्द वाचतात, कारण वाचलं नाही तर पुढची चाल करता येत नाही. म्हणून हा खेळ मुलांपासून काढून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच तो त्यांच्यासाठी नीट कसा राखायचा यावर ही पुस्तिका लिहिली आहे.

मुलं याला 'आरपी' किंवा 'रोलप्ले' म्हणतात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, त्याच्या हातून वागायचं, आणि हे सगळं लिहून. गोष्ट पुढे ढकलणारा एक सूत्रधार असतो; त्याला कुणी 'जीएम' म्हणतं, कुणी 'डीएम'. माझ्या गटात मला मावशी म्हणतात. पात्र हा शब्द मला जरा कोरडा वाटतो, म्हणून आम्ही 'सोंग' म्हणतो. दशावतारात किंवा बोहाड्यात सोंग घेणारा माणूस तेवढा वेळ दुसरा असतो आणि सोंग उतरवल्यावर पुन्हा आपला. या खेळातही तसंच आहे. सोंगातलं बोलणं सरळ लिहायचं आणि स्वतःचं काही सांगायचं असेल तर दुहेरी कंसात लिहायचं, ही जगभरच्या खेळांतली जुनी पद्धत आम्हीही पाळतो. "((आई जेवायला बोलावतेय, पाच मिनिटांत आलो))" असं आलं की पहारेकरी दरवाज्यावर तसाच उभा राहतो आणि मुलगा वरणभात खाऊन येतो. हे दोन कंस पुढे फार महत्त्वाचे ठरणार आहेत.

खेळ नवा नाही. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या संगणकावर एक अक्षरी जग रचायला घेतलं आणि रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्याने ते पुढे वाढवलं. त्याला त्यांनी मड हे नाव दिलं, आणि पुढे अशा सगळ्याच खेळांना मड म्हटलं जाऊ लागलं. बाहेरची माणसं टेलिफोनच्या तारेवरून, रात्री उशिरा विद्यापीठाचा संगणक मोकळा असे तेव्हा, त्यात शिरत. तेव्हा मुलांचा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता, कारण संगणकापर्यंत पोचणारी मुलंच थोडी होती. आज सहावीतल्या पोराच्या हातात आईचा जुना फोन असतो. वय विचारणाऱ्या चौकटीत जन्मसाल २००० टाकायला त्याला दोन सेकंद लागतात.

आता माझ्या लहानपणाकडे जाते, कारण या पुस्तिकेतला मूळ विचार मला तिथे सापडला. आम्ही चाळीत राहायचो. संध्याकाळी डबा ऐसपैस किंवा लपाछपी रंगायची तेव्हा सात वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची पोरं एकाच डावात असायची. डाव सुरू होण्याआधी कुणीतरी ओरडायचं, "डावात लिंबूटिंबू आहे!" काही ठिकाणी याला कच्चा लिंबू म्हणतात. म्हणजे हे धाकटं पोर धावेल, लपेल, सापडेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. त्याला घरी बसवलं नाही आणि मोठ्यांच्या बरोबरीने चेपलंही नाही. दुसरी सोय सगळ्यांनाच होती. मूठ ओठांना लावून "टाइम प्लीज" म्हटलं की तुम्हाला कुणी शिवायचं नाही. चप्पल तुटली असेल, धाप लागली असेल, रडू आलं असेल, कारण विचारायची रीत नव्हती. आणि तिसरी गोष्ट आम्हाला त्या वयात सोय वाटतच नव्हती. वरच्या गॅलरीत कुणाची तरी आजी तांदूळ निवडत बसलेली असायची. ती खेळ बघत नसे. तांदूळच बघत असे. पण खालच्या गलक्यात एखादा आवाज वेगळा आला की तिची मान वर व्हायची.

मुलांसाठी लिखित खेळ राखण्याच्या ज्या युक्त्या जगभरच्या अनुभवी सूत्रधारांनी शोधल्या आहेत, त्या एकेक करून वाचताना मला हीच तीन माणसं पुन्हा पुन्हा भेटली: लिंबूटिंबू, टाइम प्लीज म्हणणारा आणि गॅलरीतली आजी. टेबलावर बसून खेळायच्या सोंगांच्या खेळात अमेरिकेतल्या जॉन स्टाव्हरोपुलोस यांनी साधारण २०१३ च्या सुमारास एक्स-कार्ड रूढ केलं. टेबलाच्या मधोमध फुली काढलेलं एक कार्ड ठेवायचं. खेळता खेळता काही नकोसं झालं की त्याला हात लावायचा किंवा ते उचलायचं, आणि तो भाग तिथेच सोडून द्यायचा. का, हे सांगावं लागत नाही. आमच्या गटात मी हे कार्ड समजावून सांगू लागले तर नऊ मिनिटांच्या माझ्या बोलण्यानंतर एक मुलगी म्हणाली, "म्हणजे टाइम प्लीज ना?" त्या दिवसापासून आमच्या खेळात 'टा. प्ली.' ही दोन अक्षरं लिहिली की गोष्ट थांबते.

ती अक्षरं पहिल्यांदा खरोखरीची वापरली गेली तो प्रसंग सांगते. सोळा वर्षांचा एक मुलगा गावात शिरलेल्या हेराचं सोंग करत होता आणि पहारेकऱ्याने त्याला पकडलं होतं. मोठा मुलगा चांगलं लिहितो. पहारेकऱ्याच्या हातून सुटण्यासाठी हेराने काय काय केलं याचं वर्णन त्याने सुरू केलं, आणि तिसऱ्या परिच्छेदात पहारेकऱ्याची बोटं मोडल्याचा आवाजही लिहिला. पडद्यावर काही क्षण काहीच उमटलं नाही. मग उमटलं, "टा. प्ली." मोठा मुलगा हिरमुसला, पण थांबला. मी तो प्रसंग कापला, दोघांना दुहेरी कंसात विचारलं, आणि गोष्ट दुसऱ्या दिवशीच्या सकाळपासून पुढे नेली.

त्यात मोठ्याची चूक काय झाली हे बारकाईने बघण्यासारखं आहे, कारण लिखित खेळाचं सगळं शील त्यात आहे. "मी तलवार उगारतो" हे लिहायचा हक्क मला आहे. "तलवार तुझ्या खांद्यात रुतते" हे लिहायचा हक्क मला नाही. ते समोरच्याने लिहायचं. मी प्रयत्न लिहावा, परिणाम ज्याच्या अंगावर पडणार त्याने लिहावा. जगातल्या जवळपास प्रत्येक चांगल्या लिखित खेळात हा नियम सुरुवातीलाच सापडतो, आणि तो मुलांसाठी म्हणून केलेला नाही. गोष्ट न्याय्य राहावी म्हणून केलेला आहे. पण दर शनिवारी दीड तास हा नियम पाळणारं मूल संमती म्हणजे काय हे ज्या प्रकारे शिकतं, तसं ते कुठल्या व्याख्यानातून शिकेल असं मला वाटत नाही. दुसऱ्याच्या शरीराचं वाक्य दुसऱ्यानेच लिहायचं.

हा नियम मोडला तर काय होतं हे मोठ्यांच्या जगाने १९९३ मध्ये पाहिलं. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करणाऱ्या पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये लॅम्डामू हे अक्षरी जग उघडलं होतं. त्याचा मूळ नकाशा त्यांच्या स्वतःच्या घरावर बेतलेला होता. नवा पाहुणा कोट टांगायच्या कपाटात जागा व्हायचा आणि दार उघडून दिवाणखान्यात यायचा. त्याच दिवाणखान्यात एका खेळाडूने एका छोट्या प्रोग्रामचा वापर करून इतरांच्या सोंगांच्या नावावर, त्यांच्या मर्जीविरुद्ध, लैंगिक अत्याचाराची वाक्यं उमटवली. सगळे खेळाडू आपापल्या जागी सुरक्षित खुर्चीवर बसलेले होते, कुणाला कुणी स्पर्श केला नव्हता, आणि तरीही ज्यांच्या सोंगांवर ते बेतलं त्या माणसांना ते खरोखर लागलं. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्या वर्षअखेरीस न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. तो आजही शिकवला जातो. त्यानंतर लॅम्डामूमध्ये खेळाडूंनी अर्ज करून आणि मतदान घेऊन नियम ठरवण्याची पद्धत आली. "नुसते तर शब्द आहेत" असं जेव्हा एखादा पालक मला म्हणतो, तेव्हा मी हा प्रसंग सांगते. ती सगळी मोठी माणसं होती.

त्याच दशकात याच्या उलट टोकाचं एक सुंदर उदाहरणही घडलं. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये एमी ब्रुकमन यांनी मूस क्रॉसिंग नावाचं अक्षरी जग खास मुलांसाठी, साधारण आठ ते तेरा वर्षांच्या, उभं केलं. मुलं तिथे आपल्या हाताने खोल्या, प्राणी, वस्तू लिहून तयार करायची आणि त्या वस्तूंनी कसं वागायचं हे सोप्या संगणकी भाषेत लिहायची. ब्रुकमन यांचा १९९७ चा प्रबंध त्यावरच आहे. पालकांची संमती घेतलेली, संभाषणाची नोंद राहते हे सगळ्यांना माहीत, आणि मोठी माणसं तिथे हजर, पण मुलांच्या कामात मदतीला. चाळीतली गॅलरीच ती.

आता चाळणीबद्दल, म्हणजे फिल्टरबद्दल. कुठलीही शाळा, कुठलाही पालक पहिला प्रश्न हाच विचारतो की शिव्या आपोआप गाळल्या जातील ना. गाळाव्यात, माझी हरकत नाही. पण चाळणीवर विसंबून राहणाऱ्याला मी तीन-चार गोष्टी दाखवते. दीक्षित हे आडनाव रोमन लिपीत लिहा आणि शेवटची चार अक्षरं पाहा. हर्षित हे नावही तसंच लिहून पाहा. तिथे इंग्रजीतली शिवी बसलेली आहे. बावळट चाळणी दीक्षितांच्या मुलीला स्वतःचं नाव लिहू देणार नाही. ही अडचण जुनी आहे. १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइनच्या चाळणीने इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना आपल्या गावाचं नाव टाकून खातं उघडू दिलं नव्हतं, कारण त्या नावाच्या पोटात एक घाण शब्द होता. दुसरीकडे आपली मुलं मराठी शिव्या रोमन लिपीत पाच प्रकारच्या स्पेलिंगने लिहितात, मधेच आकडा घालतात, आणि इंग्रजीसाठी बनवलेली चाळणी त्या सगळ्या सुखेनैव सोडून देते. आणि जी वाक्यं मुलाला सगळ्यात जास्त लागतात त्यांत शिवी नसतेच. "आज हिच्या सोंगाशी कुणी बोलायचं नाही" यातला एकही शब्द कुठल्याच चाळणीत अडकणार नाही.

डिस्नेच्या लोकांनी हे फार आधी अनुभवलं. नव्वदच्या दशकात मुलांसाठी एक आभासी जग रचताना त्यांनी वाक्यं जुळवायची यादी दिली: फक्त निरुपद्रवी शब्द, प्राणी, गाड्या, वस्तू, आणि त्यांना जोडणारी अव्ययं. त्या कामात असलेले रँडी फार्मर यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की चाचणीसाठी चौदा वर्षांचा एक मुलगा बसवला आणि काही मिनिटांत त्याने जिराफ आणि ससा या दोन गोजिरवाण्या प्राण्यांपासून अश्लील वाक्य जुळवून दाखवलं. पुढे २००३ मध्ये आलेल्या टूनटाउनमध्ये अनोळखी मुलांना फक्त तयार वाक्यांतून बोलता यायचं. मोकळं बोलायचं तर एक गुप्त संकेतांक खेळाबाहेर, म्हणजे प्रत्यक्ष ओळखीत, एकमेकांना द्यावा लागायचा. मुलांनी त्यावरही तोड काढली. आपल्या खेळातल्या घरात बोलावून तिथल्या वस्तू आकड्यांच्या आकारात मांडून दाखवल्या. मला या गोष्टीचा राग येत नाही. बोलायची एवढी ओढ असलेल्या मुलांना मुकं करून सुरक्षित ठेवता येत नाही, एवढंच मला त्यातून कळतं.

मग काय करायचं? खेळ सुरू होण्याआधी मर्यादा बोलून घ्यायची. अनेक लिखित खेळांच्या दारावर तीन आकडे लावलेले असतात: भाषा, लैंगिकता आणि हिंसा, प्रत्येकी शून्य ते तीन. आमच्या दारावर १-०-१ आहे. सोंगाला 'मूर्खा' म्हणता येतं, तलवारीची चकमक होते, रक्ताची धार वर्णन होत नाही, आणि लैंगिक मजकूर नाही म्हणजे नाही. रॉन एडवर्ड्स या खेळकर्त्याने २००३ मध्ये रेघ आणि पडदा असा फरक मांडला: काही गोष्टी गोष्टीत येणारच नाहीत, ती रेघ, काही घडतात पण पडद्याआड. आमच्या गावात म्हातारा वैद्य वारला तेव्हा आम्ही पडदा टाकला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या झाडपाल्याच्या पिशवीचं काय करायचं यावर मुलं दीड तास लिहीत राहिली. मृत्यू काढून टाकायची गरज नव्हती. भीतीही काढू नये. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तल्या चेटकिणीला पाहून पिढ्या घाबरल्या आणि पुन्हा पुन्हा नाटकाला गेल्या. मुलांना राक्षस झेपतो. त्यांना झेपत नाही तो राक्षसाच्या आडून बोलणारा खरा माणूस.

त्या माणसाकडे आता यावंच लागेल. आमच्या गटाच्या दुसऱ्या वर्षी एक नवा खेळाडू आला. पंधरा वर्षांचा आहे असं त्याने सांगितलं. मराठी उत्तम लिहायचा, धाकट्यांना मदत करायचा, वेळेवर यायचा. मला तो फार आवडत असे. पुढे कळलं ते असं. तेरा वर्षांच्या एका मुलीला तो खासगी संदेश पाठवू लागला. आधी तिच्या सोंगाचं कौतुक. मग "बाकीच्यांना एवढं जमत नाही, आपण दोघंच एक वेगळी गोष्ट लिहूया." त्या गोष्टीतली दोन सोंगं हळूहळू प्रेमात पडली. ती कचरली की तो म्हणायचा, हे तुझं सोंग आहे, तू थोडीच आहेस. मग दुसऱ्या ॲपवर येण्याचा आग्रह. मग फोटो.

तीन आठवडे तिने कुणाला सांगितलं नाही. शेवटी तिने ते मला सांगितलं, पण सोंगातून. त्या शनिवारी तिचं पात्र, गावातली कुंभारीण, माझ्या पात्राकडे आली आणि म्हणाली, "मला कुणीतरी रोज रात्री विहिरीपाशी एकटीला बोलावतंय. मला जायचं नाहीये." गोष्टीत विहिरीचा प्रसंग चालू नव्हता. मी थांबले. मग खासगीत दुहेरी कंसात लिहिलं, "((हे कुंभारणीचं आहे की तुझं?))" बराच वेळ गेला. मग कंसात एकच शब्द आला. "((माझं))".

आधी का नाही सांगितलंस, असं मी तिला विचारलं नाही. तिनेच नंतर सांगितलं: आईबाबा फोन काढून घेतील आणि खेळ बंद होईल, अशी भीती होती. तो माणूसही तिला हेच सांगत होता. तिच्या भीतीचं हे वाक्य मी या पुस्तिकेत तीन ठिकाणी छापलं आहे, कारण घराघरांतून नेमकं हेच होतं. मूल सांगतं आणि शिक्षा मुलालाच होते. आमच्या गटात आता मूल येतं त्या दिवशी त्याच्यासमोर त्याच्या पालकांकडून एक वचन घेतलं जातं की सांगितल्याबद्दल फोन किंवा खेळ काढून घेतला जाणार नाही.

त्या मुलीच्या आईवडिलांनी ते वचन न देताही पाळलं. आम्ही संदेश पुसले नाहीत, त्यांची स्क्रीनवरची चित्रं जपली, त्या खात्याला गटातून काढलं आणि तक्रार केली. इथे कायद्याचं थोडं सांगायला हवं, कारण 'नुसतं लिहिलं तर काय गुन्हा' हा समज फार पसरलेला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब मध्ये मुलांच्या लैंगिक चित्रणाबाबत चित्रांबरोबर मजकुराचाही स्पष्ट उल्लेख आहे, आणि लैंगिक हेतूने मुलांना ऑनलाइन नात्यात ओढणं हाही तिथे गुन्हा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल येतं, आणि गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. सूत्रधारही त्यात आला. मुलाने पाठवलेला फोटो पुरावा म्हणून इतरांना पुढे पाठवू नये, तोही गुन्हा ठरू शकतो. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आमच्या गावाच्या वेशीवर, म्हणजे गटाच्या पहिल्याच संदेशात, कोरलेला आहे.

त्या प्रसंगानंतर आम्ही खासगी संदेश बंद केले. जुन्या वाड्यात जिन्याखाली जसा अंधार असतो तशी ती जागा होती. कुणी वाईट नसतानाही तिथे दिवा हवा होता. आता दोन सोंगांना वेगळं बोलायचं असेल तर सूत्रधार एक खोली उघडतो आणि तोही त्या खोलीत असतो. सूत्रधार नेहमी दोन, एकटा मोठा माणूस कधीच नाही, आणि हे माझ्यासाठीही आहे. वयाचे गट वेगळे केले: दहा ते बारा, तेरा ते पंधरा, सोळा-सतरा. महिन्यातून एकदा सगळे एकत्र खेळतात तेव्हा धाकट्यांना लिंबूटिंबूचा नियम लागू असतो: त्यांचं सोंग मरत नाही, पकडलं जात नाही, त्यांना कुणी कोंडून ठेवत नाही.

वयाबद्दल कायदा काय म्हणतो हे पालक विचारतात. अमेरिकेत १९९८ चा कोपा कायदा तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची संमती मागतो, आणि बहुतेक परदेशी ॲपवर दिसणारी तेराची अट तिथून आलेली आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती रेघ अठरावर ओढली. पालकांची पडताळलेली संमती हवी आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत. दुसरी अट मला मनापासून पटते. पहिलीबद्दल मला काळजी वाटते, कारण सतरा वर्षांच्या मुलीला आणि आठ वर्षांच्या मुलाला एकाच मापाने मोजलं की सतरावाली खोटं वय टाकते, आणि मग ती मुलांसाठी असलेल्या सगळ्या कुंपणांच्या बाहेर जाते.

आणखी एक खेळ आता घरोघर शिरला आहे, त्यात समोर माणूसच नसतो. २०१९ च्या अखेरीस एआय डंजन आला. तुम्ही लिहाल त्याला यंत्र गोष्टीत उत्तर देतं. २०२१ मध्ये त्यात मुलांविषयीचा लैंगिक मजकूर तयार होत असल्याचं उघड झालं, कंपनीने घाईने चाळणी लावली, आणि ती चाळणी इतकी आंधळी निघाली की आठ वर्षं जुन्या लॅपटॉपचा उल्लेखही तिच्यात अडकल्याची तक्रार झाली. कॅरेक्टर एआय या सेवेवर २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या एका आईने, चौदा वर्षांच्या मुलाच्या आत्महत्येनंतर, दावा दाखल केला. २०२५ च्या नोव्हेंबरपासून त्या कंपनीने अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी तिथल्या पात्रांशी मोकळं संभाषण बंद केलं. त्या घरातल्या दुःखाबद्दल लांबून बोलायचा मला अधिकार नाही. पण यंत्राबद्दल एक गोष्ट मी रोज पाहते: ते दमत नाही. त्याला जेवायला जायचं नसतं. आमच्या गावात दहा वाजता खेळ बंद होतो, पहारेकऱ्याला झोप येते, मला सकाळी उठून डबे करायचे असतात, आणि मुलाला कळतं की समोर माणूस आहे. यंत्राबरोबर खेळणाऱ्या मुलाने ते घराच्या मधल्या खोलीत, मोठ्या पडद्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत खेळावं, असं मी सुचवते. कुणी वाचायला थांबायची गरज नाही. आजी तांदूळच निवडत होती.

या पुस्तिकेत पुढे पहिल्या दिवशी मुलांशी काय बोलायचं याचा नमुना आहे, पालकांचं संमतिपत्र आहे, तक्रार आल्यावर पहिल्या तासात काय करायचं ते आहे, आणि आमच्या गावाचा नकाशा आहे, ज्याला हवा त्याने तो घ्यावा. वाचनालयं, शाळा, परदेशातली मराठी मंडळं असे खेळ सुरू करू शकतील एवढं त्यात नक्की आहे. पैसे लागत नाहीत. शनिवारची रात्र मात्र द्यावी लागते.

कच्चा मसुदा मी आधी मुलांना वाचायला दिला. कुंभारणीचा प्रसंग छापायचा की नाही हे जिचा आहे तिने ठरवलं. तिने एक वाक्य बदललं आणि छापा म्हणाली. पहारेकऱ्याने 'वाईट शब्द वापरू नयेत' या नियमापुढे पेन्सिलीने लिहिलं, "कोणते ते लिहा." म्हणून ते आता लिहिले आहेत. आणि सोळा वर्षांच्या त्या हेराने, जो आता अठराचा होऊन सूत्रधार व्हायला आला आहे, नियमांच्या तळाशी एक ओळ घातली: "टा. प्ली. मावशीलाही लागू आहे. तिलाही नको असेल तर तिनेही म्हणावं, आणि आम्ही का विचारणार नाही." तो नियम क्रमांक सात आहे.